मालडब्याचं मॉडेल: जुळणीपासून गंजापर्यंत

मॉडेल रेल्वेचा छंद लागलेल्या नवख्याला ब्रिटनमधली जुनी मंडळी हमखास एक सल्ला देतात: इंजिनाच्या नादी लागू नकोस, आधी मालडबा बनव. कारण सरळ आहे. चार चाकांच्या वॅगनला मोटर नसते, भाग मोजके असतात, संच इंजिनाच्या मानाने स्वस्त पडतो, आणि हात बिघडला तरी ती वॅगन रेकच्या मधोमध खपून जाते. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पुढे मात्र फाटे फुटतात. संच कोणता घ्यावा, चाकांची चौकट ताठ असावी की हलती, रंग फवारावा की ब्रशने द्यावा, आणि तयार वॅगनवर धूळ, गंज, काजळी किती चढवावी (या शेवटच्या कामाला सगळीकडे वेदरिंग असंच म्हणतात) यावर वाद जुने आहेत आणि अजून चालू आहेत.

त्या वादांत आज कोण कुठे उभं आहे, याचा हा आढावा. तो मुख्यतः ब्रिटनमधल्या ४ मिलिमीटर मापाच्या मॉडेलिंगपुरता आहे, कारण नवख्याने हाती घ्यावेत असे वॅगनचे संच जितके तिथे निघाले तितके दुसरीकडे क्वचितच निघाले असतील. भारतीय वॅगनचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तो शेवटी येईल.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धापर्यंत मॉडेल रेल्वे म्हणजे बहुतांशी पत्र्याची, किल्ली देऊन चालणारी, दिवाणखाना अडवणारी खेळणी. जेवणाच्या टेबलावर मावेल अशी गाडी १९२२ साली आली. जर्मनीतल्या बिंग कंपनीने ती बनवली आणि बॅसेट-लोक यांनी ब्रिटनमध्ये विकली. या छोट्या मापात ब्रिटिशांना एक अडचण होती. त्यांची खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान, त्यामुळे १:८७ या एचओ मापात तेव्हाची मोटर त्यांच्या पोटात मावेना. तोडगा असा निघाला की गाडीचं अंग फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६ या मापाने करायचं आणि रूळ मात्र एचओचेच, १६.५ मिलिमीटरचे ठेवायचे. हेच ओओ माप. १९३८ साली हॉर्नबी डब्लोने ते लोकप्रिय केलं आणि ब्रिटनमध्ये आजही तेच सर्वाधिक चालतं.

ही तडजोड नंतरच्या पुष्कळ भांडणांचं मूळ आहे. ४ फूट साडेआठ इंचांचा खरा गेज ४ मिलिमीटर मापात १८.८३ मिलिमीटर व्हायला हवा. १६.५ म्हणजे जेमतेम ४ फूट दीड इंच. समोरून पाहिलं की ओओ गाडी पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. ज्यांना हे खुपलं त्यांनी ईएम (१८.२ मिलिमीटर) आणि पी-फोर (१८.८३ मिलिमीटर) या वाटा धरल्या. त्यांच्या बाजूने अचूकता आहे. ओओवाल्यांच्या बाजूने दुकानात तयार मिळणारे रूळ, सांधे, इंजिनं, सगळंच आहे. माझ्या मते नवख्याने या वादाकडे पहिली काही वर्षं पाठ फिरवावी. वॅगन बाजूने पाहायची असते आणि बाजूने पाहताना हा फरक दिसत नाही.

संचांची खरी लाट प्लास्टिकबरोबर आली. १९५९ च्या सुमारास किटमास्टरने इंजिनं आणि डब्यांचे संच काढले, ते साचे पुढे एअरफिक्सकडे गेले, आणि एअरफिक्सने १९६० च्या दशकात कोळशाची वॅगन, गुरांची वॅगन, सिमेंटची प्रेसफ्लो, ब्रेक व्हॅन असे आपले संच बाजारात आणले. त्यातले काही साचे डापोलकडे येऊन आजतागायत चालू आहेत. नंतर रेशो, स्लेटर्स, केंब्रियन, पार्कसाइड डंडस या लहान उत्पादकांनी एकेका रेल्वेच्या एकेका नमुन्याचे संच काढले. पार्कसाइडची मालिका आता पेकोकडे आहे. याच काळात पांढऱ्या मिश्रधातूत ओतलेले आणि पितळी पत्र्यावर अम्लाने कोरलेले संचही आले, पण त्यांना डाखण लागतं. नवख्याच्या वाट्याला येतं ते बहुधा प्लास्टिकच.

संच की तयार वॅगन

हा वाद पंचवीस वर्षांपूर्वी फारसा नव्हता. तयार वॅगन जाडजूड असायची, ब्रेकचे दांडे साच्यातच चिकटलेले असायचे, त्यामुळे बरी वॅगन हवी तर संच जुळवणं भागच होतं. चीनमध्ये उत्पादन सुरू झाल्यावर, विशेषतः २००० नंतर, चित्र पालटलं. बाकमन, हॉर्नबी आणि त्यांच्यामागून आलेल्या अ‍ॅक्युरास्केल, रॅपिडो यांसारख्या कंपन्यांच्या वॅगनवर आज सुटे ब्रेक, बारीक कड्या, वाचता येतील अशी अक्षरं सगळं तयार मिळतं. इतका सुबकपणा पहिल्या संचात कुणाच्याच हातून येणार नाही.

मग संच कशासाठी? एक गट म्हणतो, जे नमुने कंपन्या काढतच नाहीत त्यांच्यासाठी. दुसरा गट किमतीचा हिशोब मांडतो, पण तो आता पूर्वीइतका पक्का उरलेला नाही, कारण चाकं, बेअरिंग, रंग, अक्षरं वेगळी विकत घेतली की संच आणि तयार वॅगन यांतली दरी बरीच बुजते. तिसऱ्या गटाचं कारण मला जास्त पटतं. तयार वॅगनवर नवख्याचा हात उचलत नाही. पेटीतून काढलेल्या देखण्या, महाग वस्तूवर गंज फासायला धाडस लागतं. स्वतः जुळवलेल्या, मुळातच थोड्या वाकड्या वॅगनवर ते आपोआप येतं. संग्राहक मात्र नेमकं याच्या उलट बोलतात. वेदरिंग केलेल्या वॅगनला पुनर्विक्रीत मूळ पेटीतल्या वॅगनइतकी किंमत सहसा येत नाही, आणि हे खरंही आहे. वॅगन चालवायची आहे की जपायची, हे आधी ठरलं तर इथलं निम्मं भांडण मिटतं.

जुळणी: जिथे उत्तरं बहुतेक सापडली आहेत

कोळशाच्या चारचाकी वॅगनच्या संचात दोन बाजू, दोन टोकं, तळ, चौकटीच्या दोन लांब पट्ट्या, आसपेट्या धरणारे चार पाय आणि ब्रेकचे भाग असतात. सगळं एका प्लास्टिकच्या जाळीला, म्हणजे स्प्रूला, जोडलेलं. भाग मोडून काढायचा नाही, कटरने कापायचा आणि उरलेला कोंभ कानशीने घासायचा. साच्याच्या दोन अर्ध्यांमधून आलेली बारीक रेघही खरवडून काढायची. रंगाखाली ती लपेल असं वाटतं, पण रंग चढला की ती उलट उठून दिसते.

खरी कसोटी चाकांची. आसांची टोकं सुईसारखी निमुळती असतात आणि ती पितळी टोपीसारख्या बेअरिंगमध्ये फिरतात. बेअरिंग आसपेटीच्या मागच्या भोकात बसतं. भोक उथळ असलं तर चौकटीचे पाय बाहेर फाकतात, खोल असलं तर आस सैल पडून डुगडुगते. म्हणून डिंकाआधी सगळं कोरडं बसवून पाहायचं. आधी एक बाजू पक्की करायची, दुसरी नुसती टेकवायची, चाकं मध्ये घालायची, वॅगन जाड काचेच्या तुकड्यावर उभी करायची आणि प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रावक अजून ओला आहे तोवर वरून बोटाने हलकेच दाबायचं. चारही चाकं काचेला टेकली की हात काढायचा. सुताराचा छोटा गुण्या जवळ असेल तर टोकांचा काटकोन तिथल्या तिथे तपासता येतो. या दहा मिनिटांत वॅगन पुढे रुळावर राहणार की प्रत्येक सांध्यावर उतरणार हे ठरतं.

इथला जुना वाद ताठ आणि हलत्या चौकटीचा. पी-फोरमध्ये चाकांची कड इतकी बारीक असते की एक चाक थोडं अधांतरी राहिलं तरी गाडी उतरते. म्हणून तिथे एक आस मधल्या खिळीवर डोलणारी ठेवतात, किंवा चारही चाकांना बारीक तारेच्या स्प्रिंगा देतात. या पद्धतीचे समर्थक म्हणतात की ओओमध्येही अशी वॅगन चालताना जड, खरी वाटते. विरोधकांचं म्हणणं, ओओच्या जाड कडेला याची गरज नाही आणि नवख्याच्या हाती हलणारे भाग म्हणजे बिघाडाच्या जास्त जागा. माझ्या मते ओओपुरता हा वाद निकालात निघाला आहे: काचेवर चारही चाकं टेकत असतील तर ताठ चौकट पुरते.

द्रावकाबद्दलही मतभेद आहेत, पण ते सोयीचे आणि आरोग्याचे. ब्युटेनोन म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन झटपट पकडतं. संत्र्याच्या सालीतून मिळणारं लिमोनीन सावकाश पकडतं, वास सुसह्य असतो आणि भाग सरकवायला सवड मिळते. खिडकी दोन्हींना उघडी हवी. नवख्यांना सहसा कुणी न सांगितलेली एक गोष्ट मात्र इथे नोंदवतो. झाकलेल्या व्हॅनच्या आत द्रावकाची वाफ कोंडून राहिली तर प्लास्टिक मऊ पडत जातं आणि काही महिन्यांनी बाजू आत वळतात, उघड्या वॅगनच्या बाजूही कधी केळ्यासारख्या वाकतात. उपाय सोपा आहे: द्रावक बेताने वापरायचा, व्हॅनच्या तळाला दोन भोकं ठेवायची, आणि आतून प्लास्टिकच्या आडव्या पट्टीचा टेकू द्यायचा.

वजनाचं गणित

रिकामी प्लास्टिक वॅगन इतकी हलकी असते की वळणावर लांब रेक ओढताना ती आतल्या बाजूला कलंडते. ब्रिटनमधला रूढ नियम दर आसेला २५ ग्रॅमचा, म्हणजे चारचाकी वॅगन ५० ग्रॅम. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठीची शिफारस लांबीवर चालते: आधी १ औंस, मग दर इंचाला अर्धा औंस. बफर धरून ८ सेंटिमीटरच्या वॅगनला या हिशोबाने सुमारे ७३ ग्रॅम येतात. आखूड बोगी वॅगनला दोन्ही नियम जवळजवळ एकाच आकड्यावर पोचतात. छोट्या चारचाकीत मात्र तफावत पडते. वजन जास्त असलं की गाडी रुळाला धरून चालते, पण चढावर इंजिन धापा टाकतं. आपल्या मांडणीत चढ किती आणि रेक केवढा, यावर प्रत्येकाने आकडा ठरवायचा.

वजन कशाचं घालावं याबाबत मात्र तडजोड नको. सिशाच्या छऱ्यांवर पांढरा पीव्हीए डिंक ओतायची पद्धत एके काळी सर्रास होती. काही वर्षांनी सिशावर रासायनिक क्रिया होऊन ते फुगतं आणि अंग आतून फोडतं. चांगल्या चांगल्या मॉडेलांची अशी वाट लागली आहे. पोलादी पट्टी किंवा नट इपॉक्सीने चिकटवले की प्रश्नच येत नाही. उघड्या वॅगनमध्ये वजन दडवायला जागा नसते. ते तळाखाली घालायचं, नाही तर वर कोळशाचा भार दाखवायचा. खरा दगडी कोळसा कुटून, चाळून त्याचा थर दिला की त्याची चमक कुठल्याही रंगाला येत नाही.

रंग आणि अक्षरं

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन प्रायमर, मग दोन पातळ हात. इनॅमल सावकाश वाळतं आणि चिवट असतं. अ‍ॅक्रिलिक लवकर वाळतं आणि ब्रश पाण्याने धुता येतो. पाण्यातून सोडवून चिकटवायची अक्षरं खरबरीत रंगावर लावली तर त्यांच्याखाली हवा अडकून पांढरट चकाकी दिसते, म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, मग अक्षरं, मग मॅट वॉर्निश हा क्रम सर्वमान्य आहे. ब्रिटिश रेल्वेच्या काळातल्या वॅगनचे मूळ रंग दोनच लक्षात ठेवले तरी पुष्कळ: गाडीभर चालणारा ब्रेक नसलेल्या वॅगन राखाडी, व्हॅक्यूम ब्रेकवाल्या विटकरी तांबूस.

वेदरिंग: तीन बाजू

धुळकट मॉडेल ही कल्पना सुरुवातीला अनेकांना पटली नव्हती. इतक्या कष्टाने रंगवलेली वस्तू मळवायची कशाला? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन अ‍ॅलन यांनी आपल्या गोर अँड डॅफेटिड या रेल्वेवर गाड्या, इमारती, रूळ सगळंच जुनं, वापरलेलं दाखवलं. मॉडेल रेलरोडर मासिकातल्या छायाचित्रांमुळे ही दृष्टी दूरवर पोचली. १९७३ च्या जानेवारीत अ‍ॅलन वारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लागलेल्या आगीत ती मांडणीही बहुतेक जळाली, त्यामुळे आज ती आपल्यापुढे आहे ती छायाचित्रांतूनच. ब्रिटनमध्ये मार्टिन वेल्च यांचं द आर्ट ऑफ वेदरिंग हे १९९३ चं पुस्तक मैलाचा दगड मानलं जातं. समोर छायाचित्र ठेवून, मोजक्या इनॅमल रंगांनी, थर पुसत पुसत काम करण्याची पद्धत त्यांनी घालून दिली.

आजच्या बाजू ढोबळमानाने तीन आहेत.

पहिली बाजू संयमाची. या मंडळींचं म्हणणं, वॅगन एकटी पाहायची वस्तू नाही. ती वीस-तीस जणींच्या रांगेत, हातभर अंतरावरून दिसते. मॅट वॉर्निश, खालच्या चौकटीवर तपकिरी धूळ, फळ्यांच्या फटींत काळसर पातळ रंग, एवढं पुरे. खालचा तपकिरी रंग मातीचा नसतो, हेही ते आवर्जून सांगतात. बिडाचे ब्रेक ब्लॉक चाकांवर घासून उडालेली लोखंडाची भुकटी तिथे गंजत बसलेली असते. म्हणून तो रंग चाकांभोवती सर्वांत गडद आणि वर जाताना विरळ.

दुसरी बाजू रणगाड्यांच्या मॉडेलकलेतून आली. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी गडद पातळ रंग आणि त्यावर कोरड्या ब्रशचे उजळ फटकारे ही जोडी जगभर नेली. स्पेनमधल्या मिग हिमेनेज आणि त्यांच्या पिढीने तैलरंग, रंगद्रव्यांची पूड, रंगाचे सोललेले पापुद्रे यांचं शास्त्रच बनवलं. त्यातली हेअरस्प्रेची युक्ती कोळशाच्या पोलादी वॅगनला फार शोभते. आधी अंगाला गंजाचे दोन-तीन तपकिरी द्यायचे, ते पक्के वाळले की हेअरस्प्रेचा हात, त्यावर अ‍ॅक्रिलिक राखाडी. अर्ध्या तासाने ओल्या आखूड ब्रशने हलकेच टोचलं की राखाडी रंग तुकड्यातुकड्याने सुटतो आणि खालचा गंज वेड्यावाकड्या कडांनी बाहेर येतो. हाताने रंगवलेल्या ठिपक्यांना ही कड साधत नाही. या पद्धतीवर आक्षेप असा की तिच्यात उठाव अतिरेकी होतो. टेबलावरच्या एकट्या रणगाड्याला तो खुलतो, पण रेकमधली प्रत्येक वॅगन ओरडायला लागली तर कशाकडेच लक्ष जात नाही.

तिसरी बाजू पुराव्याची: अमुक वर्षीची, अमुक क्रमांकाची वॅगन, तिचं छायाचित्र, आणि त्यात जे दिसतं तेवढंच. जेफ केंट यांच्या ४ मिलिमीटर वॅगनवरच्या पुस्तकमालिकेने बांधणीच्या बाबतीत हेच वळण दिलं होतं.

तंत्राचं भांडण या तिन्ही बाजूंना आडवं छेदून जातं. एअरब्रशने धूळ अगदी तलम बसते, पण कॉम्प्रेसरसकट खर्च मोठा आणि सराव लागतो. ब्रशवाले वेल्च यांच्या वाटेने जातात: पातळ इनॅमल सगळीकडे फासायचं, थोड्या वेळाने थिनरने ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने वरून खाली पुसायचं, पावसाचं पाणी जसं ओघळेल तसं. मळ फटींत आणि रिव्हेटांच्या कडेला उरतो, नेमका तिथेच जिथे तो खऱ्या वॅगनवर उरतो. पूड वापरणाऱ्यांची तक्रार वेगळीच. पूड सुंदर बसते, पण वर वॉर्निश फवारलं की निम्मी नाहीशी होते, आणि न फवारलं तर बोटांना लागते. नवख्याने ब्रशने सुरुवात करावी. चुकलं तर थिनरने पुसता येतं, ही सवलत एअरब्रशला तितकीशी नाही.

पुराव्याचा पेच

जुळणीतले वाद मिटले कारण तिथे पंच आहे. वॅगन रुळावर राहते किंवा उतरते. वेदरिंगला असा पंच नाही. छायाचित्र हाच पंच म्हणावा तर तोही पूर्ण विश्वासाचा नाही.

ब्रिटनमधल्या लाकडी कोळसा वॅगनचं उदाहरण घ्या. खाणमालक आणि कोळसा व्यापाऱ्यांच्या या वॅगनवर मोठाली रंगीत अक्षरं असायची, आणि मॉडेलवाल्यांना ती फार प्रिय. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने त्या सगळ्या एका सामायिक ताफ्यात ओढल्या. त्यानंतर मालकाच्या रंगाला पूर्वीचा अर्थच राहिला नाही. फळी तुटली की नवी, बिनरंगाची फळी ठोकून वॅगन परत कामाला. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणात अशा पाच लाखांहून अधिक वॅगन ब्रिटिश रेल्वेकडे आल्या. तेव्हा १९५० च्या मांडणीवर झगझगीत अक्षरांची वॅगन जितकी चुकीची, तितकीच १९३५ च्या मांडणीवर सोललेली वॅगनही. वेदरिंग किती, याचं उत्तर ब्रशात नाही, कॅलेंडरात आहे, हे पुराव्याच्या बाजूचं म्हणणं इथे बिनतोड ठरतं.

त्यांच्यानंतरच्या पोलादी सोळा टनी वॅगन ब्रिटिश रेल्वेने दोन लाखांहून अधिक बांधल्या. अंगावरची तिरकी पांढरी पट्टी कुठल्या टोकाला दार आहे ते दाखवायची. ओल्या, गंधकयुक्त कोळशाने पत्रा आतून खाल्ला जायचा आणि गंज बाहेरच्या रंगाला फोड आणून फुटायचा. नवा पत्रा जोडला की तेवढाच चौकोन ताज्या राखाडीचा. या वॅगनचा आतला भाग रंगवताना नवखे सहसा चुकतात. बाहेरच्यासारखा राखाडी देऊन त्यावर गंजाचे ठिपके काढतात. आत रंग टिकतच नसे. तिथे सबंध गंजच असतो, आणि नुकता रिकामा झाला असेल तर त्यावर कोळशाची काळी भुकटी.

इतकं कळलं तरी नेमकी छटा हाती लागत नाही. जुनी छायाचित्रं बहुतेक कृष्णधवल, त्यांत गंज, मळ आणि मूळ रंग एकाच करड्यात विरघळलेले. रंगीत फिल्मचे रंग चाळीस-पन्नास वर्षांत उतरलेले किंवा तांबूसपणाकडे झुकलेले. शिवाय छोट्या वस्तूवर रंग थोडा फिकट करावा, कारण दूरच्या वस्तूचा रंग हवेने उतरतो, असं एक मत. घरातल्या दिव्याखाली रंग आधीच मंद दिसतो, तेव्हा मुळाबरहुकूमच द्यावा, असं दुसरं. दोन्ही बाजूंना जाणती माणसं आहेत आणि कुणीही दुसऱ्याला पटवू शकलेलं नाही.

आपल्याकडची उलटी परिस्थिती

ब्रिटनमध्ये संच उदंड आहेत, पण ज्यांचे ते आहेत त्या वॅगन रुळांवरून नाहीशा झाल्या. महाराष्ट्रात वॅगन रोज डोळ्यांसमोरून जाते, संचच नाहीत म्हणण्याइतके कमी. पुण्याच्या कोथरूडमधलं जोशी लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून एचओ मापातल्या गाड्या लोकांना दाखवत आलं आहे, तेव्हा कुतूहल नाही असं नाही. अडतं ते भारतीय नमुन्यांपाशी. बॉक्सएन ही उघडी बोगी वॅगन करायची तर प्लास्टिकच्या शीटमधून कापून, बरगड्या एकेक चिकटवूनच.

माप निवडताना इथेही गेजचा काटा आहेच. १६७६ मिलिमीटरचा आपला ब्रॉडगेज एचओ मापात १९.२५ मिलिमीटर होतो आणि ४ मिलिमीटर मापात २२. असे रूळ दुकानात मिळत नाहीत; १६.५ वर भारतीय वॅगन चालवणं म्हणजे ब्रिटिशांच्या ओओपेक्षाही थोडी मोठी फारकत पत्करणं. तरी एचओच्या बाजूने एक भक्कम कारण आहे. बॉक्सएनची कासनब बोगी ओतीव पोलादाच्या तीन भागांची, अमेरिकी मालडब्यांच्या बोगीच्या कुळातली, आणि मधलं नकल कपलिंगही त्याच पठडीतलं. त्यामुळे अमेरिकी एचओ बोगी आणि केडी कपलिंग थोड्या फेरफाराने चालून जातात. बॉक्सएनची लांबी कपलिंग धरून १०.७ मीटर, म्हणजे एचओत १२३ मिलिमीटर. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवावं.

रंगासाठी हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड प्रायमर बराच जवळ जातो. मात्र तो पातळ करायला एनसी थिनर घेतला तर प्लास्टिकच विरघळतं, म्हणून आधी भंगार तुकड्यावर पाहून घ्यावं.

वेदरिंगच्या बाबतीत आपण ब्रिटिशांपेक्षा सुदैवी आहोत. भारतीय वॅगनच्या अकरा आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे आणि पाचवा-सहावा बांधणीच्या वर्षाचा असतो. शेजारी पीओएच (ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती) झाल्याचा महिना-वर्ष आणि वर्कशॉपचं नाव रंगवलेलं असतं. म्हणजे समोरच्या गंजाचं वय तिथेच लिहिलेलं सापडतं. फाटकाशी थांबलेल्या रेकमध्ये दोन वॅगनचे क्रमांक टिपून त्यांचे रंग ताडून पाहिले, तर कुठल्याही पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा जास्त हाती लागतं. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या बॉक्सएनचा वरचा काठ यंत्राच्या बादलीने चेपलेला, बाजू बाहेर फुगलेल्या. मुरगावच्या वाटेवरच्या लोहखनिजाच्या वॅगनवर खनिजाची तांबडी धूळ अशी बसलेली की खालचा तांबूस रंग कुठे संपतो ते कळू नये. या दोन वॅगनना एकच तपकिरी लावणं चालणार नाही. त्यात स्टेनलेस स्टीलच्या बॉक्सएनएचएलची भर: ती फारशी गंजतच नाही, फक्त मळते आणि ओरखडते. तिच्यावर बॉक्सएनसारखे गंजाचे ओघळ काढले तर ते सरळ चूक.

जे अजून ठरायचं आहे

त्रिमितीय छपाईने संचाचा प्रश्न सुटेल, असं बरेच जण मानतात, आणि भारतीय नमुन्यांसाठी ती आशा रास्त आहे. तारेच्या छपाईत थरांच्या रेघा राहतात आणि त्या घासताना बारीक रिव्हेट जातात. रेझिनच्या छपाईत तपशील अप्रतिम उतरतो, पण वस्तू ठिसूळ असते, पातळ भिंती वाकू शकतात, आणि न पिकलेलं रेझिन हातमोज्यांशिवाय हाताळायचं नाही. साच्यातल्या प्लास्टिकने साठ वर्षं काढून दाखवली आहेत; रेझिन किती वर्षं टिकेल, हे अजून काळाने सांगायचं आहे. वेदरिंगवाल्यांचा आणखी एक अनुभव: थरांच्या रेघांत पातळ रंग साचतो आणि आडव्या खुणा उठतात, खऱ्या वॅगनवर मळ उभा ओघळतो तिथेच. त्यावर जाड प्रायमर देऊन घासावं, की नमुना छापून त्याचा रबरी साचा काढावा आणि त्यात वॅगन ओतावी, यावर सध्या दोन मतं आहेत. दुसरी वाट लांबची आहे, पण पन्नास बॉक्सएनचा रेक मनात असेल तर तीच परवडेल.